तीन स्प्रिंगांवरची थाळी

दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरची अडगळ खाली उतरते आणि भाऊबीज आटोपली की पुन्हा वर चढते, हा आमच्या नशिराबादच्या घरातला जुना शिरस्ता. तीन वर्षांपूर्वी मात्र दोन खोकी खालीच राहिली. एकात आजोबांच्या लाखेच्या तबकड्या होत्या. दुसऱ्यात होते मामांनी 1969 साली अमेरिकेतून शिकून परतताना आणलेले तबकड्या वाजवायचे यंत्र. आजोबांचा चावीचा फोनो 1972 च्या दुष्काळात विकला गेला. तबकड्यांना गिऱ्हाईक मिळाले नाही, म्हणून त्या राहिल्या.

मी मामांचे यंत्र पुसत बसलो तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांची आत्या ओट्यावरून म्हणाली, "अरे, यंत्र अमेरिकेचं असो नाही तर स्वर्गातलं, माझ्या बापाच्या तबकड्या त्यावर वाजतात का, तेवढं सांग."

वाजत नव्हत्या. का वाजत नव्हत्या, त्यात तबकडीचा निम्मा इतिहास येतो.

1902 साली फ्रेड गेसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मुद्रण इथे होई आणि तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापल्या जात. गंमत अशी, की त्या ज्या लाखेच्या बनत ती लाख बहुतांशी आपल्याच पळस-कुसुंबाच्या झाडांवरची! ती बोटीने जाई आणि गाणे होऊन परत येई. पुढे 1908 मध्ये सियालदहला कारखाना निघाला आणि हा द्राविडी प्राणायाम थांबला. या तबकड्या मिनिटाला सुमारे 78 फेरे घेत. मग 1948 साली अमेरिकेत 33⅓ फेऱ्यांची लांब चालणारी तबकडी आली, पुढच्या वर्षी 45 फेऱ्यांची आली, आणि नवी यंत्रे हळूहळू जुन्या वेगाला विसरली. मामांच्या यंत्रावर 33 आणि 45 एवढेच वेग होते. आजोबांची तबकडी त्यावर लावली की नारायणराव बालगंधर्वांच्या कंठातून एखाद्या पेंगुळलेल्या पहिलवानाचा आवाज निघे.

नारायणराव आम्हां खानदेशी लोकांना परके नाहीत. त्यांच्या बालपणाची काही वर्षे जळगावात गेली आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी तिथेच महबूब खाँ यांच्याकडे घेतले. त्यामुळे इकडच्या जुन्या घरांत 'स्वयंवरा'ची एखादी तरी तबकडी सापडतेच.

आता यंत्राविषयी. ते होते ॲकॉस्टिक रिसर्च या कंपनीचे. एडगर व्हिल्चर या गृहस्थाने योजलेले आणि 1961 साली बाजारात आलेले. जुन्या फोनोचा पोलादी सुईचा डबा शंभर ग्रॅमहून जड. तो खाचेत असा बसे की शेजारून हत्ती गेला तरी हलू नये. नवी सुई दोन-तीन ग्रॅमच्या भाराने चालते, आणि तिला गाण्याबरोबर जमिनीचा कंपही ऐकू येतो. व्हिल्चरने केले ते इतकेच : थाळी आणि सुईचा दांडा एकाच आडव्या पट्टीवर बसवले, ती पट्टी तीन मऊ स्प्रिंगांवर तोलली, आणि मोटर बाहेर पेटीला जोडली. मोटर आणि थाळी यांचे नाते एका रबरी पट्ट्यापुरते. पेटीला हादरा बसला तरी तो थाळीपर्यंत फारसा पोचत नाही. स्वित्झर्लंडची थोरेन्स, स्कॉटलंडची लिन या कंपन्यांची नावाजलेली यंत्रे पुढे याच वाटेने गेली.

आमच्या घराला याची गरज किती! सुरतेकडून नागपूरकडे जाणारा जुना हमरस्ता हाकेच्या अंतरावर, आणि माडीची जमीन लाकडी फळ्यांची. रात्री भुसावळकडे ट्रक निघाले की फडताळातल्या कपबश्या बोलू लागतात.

तीनपैकी एक स्प्रिंग बसली होती. मी शहाणपणाने सायकलच्या दुकानातून एक दणकट स्प्रिंग आणून बसवली. थाळी सरळ झाली, पण ट्रक थेट गाण्यात शिरू लागले. दणकटपणा हीच चूक होती. स्प्रिंग थाळीच्या भाराने इंचभर दबत असेल तर ती सेकंदाला सुमारे तीन झोके घेते, आणि त्याहून बऱ्याच जलद असलेले हादरे ती वर जाऊ देत नाही. ती जितकी ताठ, तितका हा फायदा कमी. टांग्याच्या कमानी काढून तिथे लोखंडी पहार ठोकावी, तसे मी केले होते. शेवटी बारीक तारेची स्प्रिंग वळवून घेतली. हाताने दाबून सोडली की थाळी सरळ वर-खाली झुलावी, आडवी डुलू नये. एवढे साधायला दोन रविवार गेले.

मग वेगाचा प्रश्न. अमेरिकेची वीज सेकंदाला 60 आवर्तनांची, आपली 50 ची. ही मोटर आवर्तनांच्या तालावर फिरते, म्हणून मामांकडे 33 चा वेगसुद्धा पावणेअठ्ठावीसच भरत असे, आणि मामा बिचारे वर्षानुवर्षे सगळ्या गवयांना दीड स्वर खाली ऐकत आले! 78 साठी मोटरवरची पुली मूळच्या 33 च्या पायरीपेक्षा 2.8 पट व्यासाची हवी, असे गणित निघाले.

मुंबईच्या एका जाणकार स्नेह्यांनी निक्षून सांगितले, की असल्या यंत्रात बदल करणे म्हणजे हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट फासणे. मला ते पटले नाही. मूळची पुली कागदात गुंडाळून खोक्यात ठेवली आणि सरळ लेथवाल्याकडे गेलो.

ते वृद्ध गृहस्थ सारी हयात कपाशीच्या जिनात पट्टे आणि पुल्या सांभाळण्यात घालवलेले. पहिली पितळी पुली केसभर एका बाजूला गेली आणि नारायणराव कापऱ्या आवाजात गाऊ लागले. दुसऱ्या खेपेस त्यांनी भोक आणि बाहेरचा घेर, दोन्ही तुकडा लेथच्या पकडीतून न सोडता कातले. पुली मध्यभागी किंचित फुगीर ठेवली. "भाऊ, जिनातला पट्टा असाच जागेवर राहतो," ते म्हणाले. रबरी पट्टाही राहिला. सुरू करताना थाळीला हाताने ढकलावे लागते, एवढीच काय ती खोड. जुन्या रुंद खाचेसाठी इंचाच्या तीन हजारांशाची सुई आणली. नव्या तबकडीची सुई त्या खाचेच्या तळाशी नुसती लोळते.

पाडव्याच्या संध्याकाळी 'स्वयंवर' लावले. बाहेर फटाके, रस्त्यावर ट्रक. सुई हलली नाही. आत्या तीन मिनिटे डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "आवाज त्यांचाच. पण चढा लागलाय. बाबांच्या फोनोवर असा नव्हता."

मी विचारात पडलो. 1920 च्या दशकाच्या मध्यापर्यंत वेग एकसारखे नव्हते. कुठे सत्तरच्या आसपास, कुठे ऐंशीच्या पुढे. फोनोला वेगाचा स्क्रू असे आणि आजोबा पेटीचा सूर धरून तो फिरवीत, असे आत्याच सांगते. साडेचार फेरे कमी केले की गाणे अर्ध्या सुराने उतरते. मग खरा स्वर कोणता? तबकडीचा, आजोबांच्या पेटीचा, की ऐंशी वर्षे आत्याच्या कानात राहिलेला? यंत्राला स्क्रू नाही. उत्तर हवे तर नवी पुलीच कातली पाहिजे.

लेथवाल्यांनी पितळेचा तुकडा काढून ठेवला आहे. व्यास किती ठेवू, असा त्यांचा निरोप दोनदा आला. आजोबांच्या पेटीचा भाता फाटलेला आहे; तो चिकटवून वाळत घातला आहे. वाळला की आत्याला शेजारी बसवून सूर धरीन, आणि मग त्यांना आकडा कळवीन.