बीडची गुप्ती, बीडची छागल

विसाव्या शतकाच्या आरंभी बीड निजामाच्या राज्यात होतं. त्या काळच्या इंग्रजी गॅझेटियरने या गावाची दखल घेतली ती कातडीकामासाठी आणि गुप्त्यांसाठी.

गुप्ती दिसायला साधी हातकाठी. मूठ ओढली की आतून अरुंद, टोकदार पातं निघे. खरं कसब बसणीचं होतं. पातं आत खडखडता कामा नये आणि ऐनवेळी अडकताही कामा नये. इथे काठी हेच म्यान.

कातड्याचं नाव छागलीने राखलं. दख्खनेत कातडं कमवायला तरवडाची, बाभळीची साल वापरत. छागल म्हणजे पाण्याची कातडी पिशवी. कातड्यातून झिरपलेलं पाणी वाऱ्यावर उडून जाई आणि आतलं गार राही.

१९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. पुढे १९५९चा शस्त्र कायदा आणि १९६२चे नियम आले. त्यांनी गुप्तीला तलवारीच्या पंक्तीत बसवलं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरेही शस्त्रांच्या यादीत आले. घरगुती आणि शेतीच्या हत्यारांना मात्र सूट मिळाली.

त्यामुळे ऊसतोडीचा कोयता सुटला. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडची जोडपी कारखान्यांकडे निघतात, तेव्हा घिसाड्यांचे भाते जोरात असतात. गाडीच्या कमानीचा जुना पाटा लालबुंद तापतो. घिसाडी तो सांडशीने ऐरणीवर धरतो, घण बहुधा बायको घालते. मग धारेला पाणी देतात आणि मूठ बसवतात.