परीक्षेचीच परीक्षा: डॉक्टर ‘तयार’ झाला हे ठरवायचं कसं?

इअरफोन लावलेत ना? आजचा भाग मला ताईमुळे सुचला.

ताई एमडी मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला बसली होती. संध्याकाळी आईने फोनवर विचारलं, “कसं गेलं गं?” ती म्हणाली, “केस बरी लागली.” मी चक्रावलो. तीन वर्षं वॉर्डात रात्री जागवायच्या, आणि शेवटी सगळं वाट्याला कोणता पेशंट येतो यावर?

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड तोच असताना टेस्ट सकाळी पास आणि दुपारी फेल झाली, तर तिला ‘फ्लेकी टेस्ट’ म्हणतात. अशा वेळी आधी टेस्टवर संशय घ्यायचा. डॉक्टरांच्या परीक्षेवर असा संशय कुणी घेतला का? घेतला, अमेरिकेत, साठेक वर्षांपूर्वी.

तिथे डॉक्टरांची परीक्षा घेणारं राष्ट्रीय मंडळ १९१५ साली स्थापन झालं. पेशंटच्या खाटेशेजारी उभं करून तोंडी परीक्षा घेणं हा त्यांच्या पद्धतीचा भाग होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मंडळाने तीन वर्षांतल्या दहा हजारांहून जास्त परीक्षा तपासल्या. दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे दिलेल्या गुणांचा मेळ किती बसतो, हे पाहिलं. पूर्ण मेळ म्हणजे १, काहीच संबंध नाही म्हणजे ०. उत्तर आलं जेमतेम ०.२५! मंडळाने ती परीक्षाच बंद केली. १९७२ मध्ये तिथल्या इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डानेही तोंडी परीक्षा सोडली आणि निवासी डॉक्टरांची पारख त्यांच्या हॉस्पिटलमधल्या सीनियर्सवर सोपवली.

प्रश्न सुटला? नाही ना! सीनियर काय करायचे, तर एका डॉक्टरला एका पेशंटसोबत दोनेक तास बघायचे. पण हार्टच्या पेशंटला उत्तम हाताळणारा डॉक्टर लकव्याच्या पेशंटसमोर अडखळू शकतो. म्हणजे बग तोच राहिला: सॅम्पल एकाचंच.

१९९५ मध्ये जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी ‘मिनी-सीईएक्स’ मांडली. दोन तासांऐवजी पंधरा-वीस मिनिटं, पण अनेकदा, वेगवेगळ्या पेशंटसोबत, वेगवेगळ्या सीनियर्ससमोर. आणि काय चुकलं ते तिथल्या तिथे सांगायचं. २००३ च्या त्यांच्या अभ्यासात २१ ट्रेनिंग प्रोग्रॅम, ४२१ पहिल्या वर्षाचे डॉक्टर आणि १,२२८ निरीक्षणं होती. ब्रिटनने २००५ पासून नव्या डॉक्टरांच्या ट्रेनिंगमध्ये ही पद्धत आणली.

मग नवीन बग निघाला. ज्याच्यासोबत उद्या ड्युटी करायचीय, त्याला कमी गुण कोण देणार? बहुतेकांना चांगलेच गुण मिळू लागले. काही जण पोस्टिंग संपता संपता घाईघाईत फॉर्म भरून घेऊ लागले. फॉर्म तोच, पण त्यातला आकडा पोकळ.

म्हणून मला वाटतं, परीक्षा एकदा ‘व्हॅलिड’ ठरली की काम संपलं, असं होत नाही. या गुणांवरून आपण जो निष्कर्ष काढतोय त्याला पुरावा आहे का, हे प्रत्येक ठिकाणी पुन्हा विचारावं लागतं.

आपल्याकडे लाँग केस, शॉर्ट केस आणि व्हायव्हा अजून आहेत. ते सगळं टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. खऱ्या पेशंटसमोर उभं राहणं हवंच. पण एकाच पेशंटभोवती चार परीक्षक बसवण्यापेक्षा, वर्षभरात अनेक पेशंटसोबत कुणीतरी नीट बघितलेलं जास्त सांगून जातं. चुकीच्या परीक्षेत चांगला डॉक्टर अडकतो, तर कधी कच्चा डॉक्टर सुटतो. त्याची किंमत रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत आलेला पेशंट मोजतो.

ताई पास झाली. आता तीच ज्युनियर्सना शिकवते. परवा म्हणाली, “पेशंट तपासताना मी बाजूला उभी राहून बघते. दहाच मिनिटं, पण रोज.”

तुमच्या घरात कुणी निवासी डॉक्टर असेल, तर हा भाग त्यांना पाठवा आणि त्यांना कोण, कधी, किती वेळ बघतं ते विचारा. भेटू पुढच्या भागात!