शुक्रजंतू : शरीराबाहेरील आयुर्मान व गर्भसंभव

वीर्यपतनानंतर शुक्रजंतू पुरुषशरीराबाहेर किती काळ टिकतात आणि त्यांपासून गर्भ राहण्याचा संभव कितपत असतो, हा प्रश्न प्रजननवैद्यक, संततिनियमन व न्यायवैद्यक या तिन्ही शाखांत येतो. शुक्रजंतू सापडणे, तो हालताना दिसणे आणि तो फलनक्षम असणे या तीन निरनिराळ्या अवस्था आहेत. त्या एकच समजल्याने अनेक तरुण मुलामुलींचे आठवडेच्या आठवडे भीतीत जातात.

इतिहास : हॉलंडच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी 1677 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली मानवी शुक्रजंतू पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. त्याआधीच्या ग्रंथांत केवळ तर्क आढळतात. स्नानगृहातील पाण्यात पूर्वी सांडलेल्या वीर्यामुळे एका स्त्रीला गर्भ राहिल्याची हकिगत बाराव्या शतकातील इब्न रुश्द यांच्या नावावर सांगितली जाई. इंग्रज वैद्य टॉमस ब्राउन यांनी 1646 मध्ये ती अविश्वसनीय ठरवली. पुरुषाच्या वृषणातून आरपार गेलेली गोळी स्त्रीच्या पोटात शिरून गर्भ राहिल्याची अमेरिकन यादवी युद्धातील कथा 1874 मध्ये एका वैद्यकीय साप्ताहिकात छापली गेली. ती बनावट होती, तरी पुढे शंभराहून अधिक वर्षे उद्धृत होत राहिली. इटलीतील स्पॅलांझानी यांनी 1780 च्या सुमारास कुत्रीवर कृत्रिम रेतन यशस्वी करून दाखवले. शरीराबाहेर काढलेले ताजे वीर्य गर्भधारणा घडवू शकते, याचा हा स्पष्ट पुरावा होता.

डबीतील वीर्य : शरीराबाहेरील शुक्रजंतूंविषयीची सर्वांत भरवशाची माहिती वीर्यतपासणीच्या प्रयोगशाळांतून मिळते. पडलेले वीर्य प्रथम घट्ट असते आणि बहुधा 15 ते 30 मिनिटांत पातळ होते. नमुना 20 ते 37 अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवून तासाभरात तपासावा, असा दंडक आहे. म्हणूनच घरून नमुना आणणाऱ्याला डबी अंगालगतच्या खिशात ठेवायला सांगतात. साध्या निरोधात नमुना घेत नाहीत, कारण त्यावरील द्रव्यांनी शुक्रजंतूंची हालचाल मंदावू शकते. झाकलेल्या स्वच्छ डबीत काही शुक्रजंतू कित्येक तास हालताना दिसतात, पण पहिल्या तासानंतर त्यांची संख्या व वेग उतरत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरमधील शुक्रजंतूंची खालची मर्यादा 1.6 कोटी, तर एकूण हालचाल करणाऱ्यांची 42 टक्के आहे. म्हणजे चांगल्या नमुन्यातही निम्म्याहून अधिक शुक्रजंतू निश्चल असू शकतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी : शरीराबाहेरची हवा लागताच शुक्रजंतू मरत नाहीत. त्यांचा नाश होतो तो सुकण्याने, साध्या पाण्याने, साबणाने आणि अतिउष्णतेने.

सुकणे व पाणी : कातडी, कापड, कागद किंवा संडासाची बैठक यांवरचा पातळ थर थोड्या वेळात सुकतो आणि त्याबरोबर त्यातील शुक्रजंतू मरतात. थर जाड असेल तर ओलावा अधिक वेळ राहतो, त्यामुळे अमुक मिनिटे असा एकच आकडा सर्वत्र लागू पडत नाही. सुकलेला डाग पुन्हा ओला केल्याने मेलेले शुक्रजंतू जिवंत होत नाहीत. साध्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण वीर्यातल्यापेक्षा फार कमी असते. त्यामुळे पाणी शुक्रजंतूंत शिरून ते फुगतात व त्यांच्या शेपट्या वळतात. ही सूज नियंत्रित द्रावणात घडवून शुक्रजंतूंचे बाह्य आवरण शाबूत आहे की नाही हे प्रयोगशाळेत तपासतात. पोहण्याच्या तलावात किंवा न्हाणीच्या पाण्यात वीर्य विरळ होते, विखुरते, शिवाय क्लोरीनही असते. तलाव, टॉवेल, अंथरूण किंवा धुवायला टाकलेले कपडे यांमुळे गर्भ राहत नाही.

स्त्रीशरीरात : योनिमार्ग आम्ल असून तेथे बहुतेक शुक्रजंतू काही तासांतच नाश पावतात. वीर्य काही काळ हे आम्लत्व कमी करते व त्या अवधीत थोडे शुक्रजंतू गर्भाशयमुखातील श्लेष्म्यात शिरतात. अंडमोचनाच्या सुमारास हा श्लेष्मा पातळ व ताणता येण्याजोगा असतो. त्यात शुक्रजंतू सुमारे 5 दिवस टिकू शकतात. विल्कॉक्स व सहकाऱ्यांच्या 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गर्भ राहिलेले सर्व संबंध अंडमोचनाच्या दिवशी संपणाऱ्या 6 दिवसांतले होते. मासिक पाळीतील इतर दिवस पूर्ण सुरक्षित समजण्यास मात्र हा आधार पुरत नाही, कारण अंडमोचनाची तारीख मागेपुढे होते.

गर्भसंभव : ओले, ताजे वीर्य योनिमुखाशी पोहोचले तर गर्भसंभव असतो, शिश्नप्रवेश पूर्ण झाला नसला तरीही. कौमार्यपटल शाबूत असताना राहिलेल्या गर्भांच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. हा संभव सामान्य संबंधापेक्षा कमी मानतात. नियंत्रित प्रयोग नैतिकदृष्ट्या करता येत नसल्याने टक्केवारी देता येत नाही. ओल्या बोटांवरून योनीत लगेच पोहोचलेल्या वीर्याबद्दलही हेच म्हणावे लागते. वीर्यपतनापूर्वीच्या स्रावाबाबत मतभेद आहेत : जुन्या छोट्या अभ्यासांत त्यात हालणारे शुक्रजंतू आढळले नाहीत, तर 2011 मधील एका ब्रिटिश अभ्यासात 27 पैकी 11 पुरुषांच्या स्रावात शुक्रजंतू होते आणि त्यांतील बहुतेकांत ते हालते होते. वीर्यपतनापूर्वी शिश्न बाहेर काढण्याची पद्धत वापरणाऱ्या साधारण पाच जोडप्यांत एकाला वर्षभरात गर्भ राहतो.

उपाय : गर्भ नको असल्यास लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी (1.5 मिग्रॅ.) संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यावी, जितकी लवकर तितका गुण अधिक. भारतात ती 2005 पासून चिठ्ठीशिवाय मिळते. 5 दिवसांच्या आत बसवलेली तांबी गोळीपेक्षा खात्रीची. संबंधानंतर 3 आठवड्यांनी केलेली लघवीची चाचणी विश्वसनीय असते.

महाराष्ट्रातील प्रबोधन : र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले व 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना ते त्यात उघड, शास्त्रीय उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्वे यांना दंड झाला. मराठी वाचकाला आपली भीती लिहून विचारण्याची जागा या मासिकाने दिली, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे हे कार्य फार मोलाचे आहे.

न्यायवैद्यक : सुकलेल्या डागातील मृत शुक्रजंतूंची डोकी व डीएनए दीर्घकाळ ओळखता येतात.

गोठवण : पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी 1949 मध्ये ग्लिसरॉलचा संरक्षक गुण दाखवला, गोठवलेल्या मानवी वीर्यापासूनच्या पहिल्या गर्भधारणा 1953 मध्ये अमेरिकेत नोंदल्या गेल्या. उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनात 21 वर्षे ठेवलेल्या वीर्यापासून मूल झाल्याची नोंद आहे.

पशुसंवर्धन : उरुळीकांचन येथील बाएफ या मणिभाई देसाई यांच्या संस्थेने (स्थापना 1967) गोठवलेल्या रेतमात्रा खेड्यांतील गायींपर्यंत नेल्या.