समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, ऑनलाइन व दूरस्थ : बोरीवली

महाविद्यालयाच्या वर्गात रोज न बसता मिळवायची समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. लोकांच्या तोंडी ‘डिस्टन्सचं एमएसडब्ल्यू’ किंवा नुसतेच ‘ऑनलाइन एमएसडब्ल्यू’. जाहिराती तिला ‘घरबसल्या’ म्हणतात, ते निम्मेच खरे. व्याख्याने, पुस्तके, स्वाध्याय घरी येतात. क्षेत्रकार्य, म्हणजे विद्यार्थ्यांचे ‘फील्डवर्क’, येत नाही. त्यासाठी चपला घालून बाहेर पडावेच लागते. बोरीवलीची नोंद वेगळी करायचे कारण हेच. इथल्या विद्यार्थ्याला पूर्वी शिकायलाही शहरात जावे लागे आणि बहुधा फील्डवर्कलाही. या पद्धतीत निदान फील्ड तरी त्याच्या स्वतःच्या पिनकोडात येऊ शकते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लेखी ‘दूरस्थ’ आणि ‘ऑनलाइन’ हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि गल्लत केली की प्रवेशाच्या वेळी पंचाईत होते. दूरस्थ पद्धतीत छापील वा डिजिटल अभ्याससाहित्य, अभ्यासकेंद्र आणि अधूनमधून संपर्कसत्रे असतात. विद्यापीठाला भौगोलिक कार्यक्षेत्राची मर्यादा असते. ऑनलाइन पद्धतीत शिकवणे, चर्चा, चाचण्या सारे संगणकावरून चालते आणि कार्यक्षेत्राची हद्द नसते. दोन्हींना ४ सप्टेंबर २०२०ची एकच नियमावली लागू आहे. अभियांत्रिकी, वैद्यक, विधी, परिचर्या असे विषय या मार्गाने शिकवायला बंदी आहे, एम.फिल. आणि पीएच.डी.लाही. समाजकार्याचे नाव त्या यादीत नाही.

पूर्वपीठिका : पदवी येण्याआधी मुंबईत काम आले. ना. म. जोशी यांनी १९११मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, तेव्हा समाजकार्याचे शिक्षण असते ही कल्पनाच इथे नव्हती. क्लिफर्ड मॅनशर्ट या अमेरिकन मिशनऱ्याने नागपाड्यात नेबरहुड हाउस चालवले आणि त्याच अनुभवावर १९३६मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभे राहिले. भारतातली या विषयाची ही पहिली संस्था. १९४४मध्ये ती टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली, आधी भायखळ्यात होती, मग काही काळ अंधेरीत राहिली आणि १९५४मध्ये देवनारला कायमची स्थिरावली. पुढच्याच वर्षी, १९५५मध्ये, न्यू मरीन लाइन्सला निर्मला निकेतन सुरू झाले. महाराष्ट्रातली समाजकार्य महाविद्यालये उच्च शिक्षण खात्याऐवजी सामाजिक न्याय विभागाकडे आहेत, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते.

बोरीवलीकरासाठी या दोन्ही संस्थांचा अर्थ एकच : गाडी पकडा. चर्चगेट ते बोरीवली सुमारे ३४ किलोमीटर. देवनारसाठी पूर्वी दादरला लाइन बदलणे आले. ८ जून २०१४ला वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा दादरचा वळसा वाचला. आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्कचे असतात, तेही नेमून दिलेल्या संस्थेत; ती मानखुर्दला असेल वा कामाठीपुऱ्यात. नोकरी करणाऱ्याला, लहान मूल असलेल्या बाईला, घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असलेल्याला हे जमणारे नव्हते. दूरस्थ एमएसडब्ल्यूकडे वळणारा माणूस बहुधा यांच्यातलाच, आणि पुष्कळदा एखाद्या संस्थेत दहा वर्षे काम करून कागदावाचून बढती अडलेला.

प्रत्यक्ष पर्याय : या वर्गासाठी सर्वांत परिचित दार इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे इग्नूचे. स्थापना १९८५. एमएसडब्ल्यूला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो; मुदत किमान दोन वर्षे. सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. समाजकार्याचा उगम व विकास, केसवर्क आणि समुपदेशन, गटकार्य, समुदाय संघटन, संशोधन अशा विषयांबरोबर दोन्ही वर्षी क्षेत्रकार्य सक्तीचे आहे. इग्नूचे मुंबई विभागीय केंद्र बरीच वर्षे मुलुंड पूर्वेला होते. बोरीवली आणि मुलुंड नकाशावर शेजारी दिसतात, पण मधे राष्ट्रीय उद्यान आडवे पसरलेले; एखादा अर्ज अडला की ‘दूरस्थ’ विद्यार्थ्याला मेट्रो येईपर्यंत रेल्वेने दादरला वळसा घालूनच तिकडे जावे लागे.

माध्यमाचा प्रश्न याहून मोठा. इग्नूचे एमएसडब्ल्यू इंग्रजी आणि हिंदीत आहे. मराठीतून दूरस्थ शिक्षण रुजवणारे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशकात १९८९पासून आहे. त्याच्या पुस्तकांवर पदवी घेतलेला विद्यार्थी इथे आला की एकदम परक्या भाषेत पडतो. फील्डवर्कमध्ये ते विशेष जाणवते. समोरची बाई मराठीत बोलते, मधेच वारलीत किंवा गुजरातीत शिरते, आणि रात्री तिचे म्हणणे इंग्रजीत ‘रेकॉर्डिंग’ म्हणून लिहायचे. “पोरगा ऐकत नाय” या तीन शब्दांत काळजी, लाज आणि थोडा अभिमानही असतो. इंग्रजी वाक्यात उरते ती फक्त तक्रार. समानुभूती आणि सहानुभूती यांतला फरक पाठ करणे सोपे, पण तो कळतो तो अशा नोंदी लिहिताना. चांगले पर्यवेक्षक म्हणूनच मूळ शब्द आहेत तसेच अवतरणात ठेवायला सांगतात.

फील्ड : बोरीवलीत फील्डची वाण नाही. पूर्वेला सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्यात नवापाडा, रावणपाडा, चिंचपाडा, केलतीपाडा असे आदिवासी पाडे. अतिक्रमणांविरुद्ध १९९५मध्ये याचिका झाली, १९९७मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि तेव्हापासून उद्यानातली वस्ती हटवणे व पुनर्वसन हा या भागातल्या कार्यकर्त्यांचा कायमचा विषय झाला. पश्चिमेला गोराईचा कोळीवाडा. शेजारी दहिसरला खारफुटीच्या कडेने वसलेले गणपत पाटील नगर. अलीकडे कांदिवलीचे महापालिका रुग्णालय, ज्याला सगळे शताब्दी म्हणतात. आणि हे सारे सोडून नुसत्या टॉवरांच्या गल्लीत फिरले, तरी मुले न्यू जर्सीला आणि आईवडील सोळाव्या मजल्यावर, अशी घरे सापडतात. ज्येष्ठांचे एकटेपण हा विषय शोधप्रबंधाला पुरून उरेल, पण विद्यार्थी सहसा पाडेच निवडतात. तिथे काम ‘दिसते’.

काम म्हणजे काय, ते एका जातीच्या दाखल्यावरून पाहता येईल. पाड्यावरच्या मुलाला बारावीनंतर अनुसूचित जमातीचा दाखला हवा. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५०पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेलेले नाहीत, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला नाही. मग गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकाची नक्कल शोधायची. त्यात पूर्वजाचे नाव एक, शिधापत्रिकेवर दुसरे, आधारवर तिसरे. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करायचे, तहसीलला खेटे घालायचे, आणि दाखला हातात आला की पडताळणी समिती पुढे उभीच. विद्यार्थ्याच्या रोजनिशीत हे ‘रिसोर्स मोबिलायझेशन’ या दोन शब्दांत मावते. मुलाच्या घरी मात्र त्यात आईचे चारपाच दिवसांचे रोज बुडालेले असतात. केसवर्कचा सिद्धान्त स्क्रीनवर कितीही नीट शिकवला, तरी तहसीलच्या खिडकीपाशी कोणत्या वेळी उभे राहायचे ते तिथेच कळते.

नियमित महाविद्यालयात फील्डवर्कची संस्था महाविद्यालय ठरवते, दर आठवड्याला ‘आयसी’ होते, म्हणजे विद्यार्थी आणि पर्यवेक्षक समोरासमोर बसून रेकॉर्डिंग तपासतात. शिवाय गटाची ‘जीसी’. दूरस्थ पद्धतीत या सांगाड्यातले बरेच विद्यार्थ्याच्या गळ्यात पडते. संस्था पुष्कळदा स्वतःच शोधावी लागते, पर्यवेक्षकाची वेळ मागून घ्यावी लागते. नोकरदाराची खरी अडचण तर शनिवार-रविवारची. त्याला सुट्टी तेव्हाच तहसील बंद, आणि रविवारी न्यायालय व रुग्णालयाची ओपीडीही बंद. वस्तीत मात्र रविवारी माणसे घरी भेटतात, म्हणून त्याचे फील्डवर्क हळूहळू होम व्हिजिट आणि शिबिरांपुरते उरते. व्यवस्थेशी झगडण्याचा अर्धा धडा गळतो. शिक्का आणि सही घेऊन दिवस भरल्याचे दाखवता येते, पण नोकरीच्या मुलाखतीत “एक केस सांगा” म्हटले की पाच मिनिटांत सगळे उघडे पडते. या पदवीबद्दल संस्थांच्या मनात अढी आहे ती यामुळे, आणि ती सर्वस्वी अनाठायी नाही. उलट, आधीपासून क्षेत्रात असलेला माणूस हीच पदवी घेतो तेव्हा तो नियमित विद्यार्थ्यापेक्षा सरस ठरल्याची उदाहरणे कमी नाहीत.

मान्यता : मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, असे आयोगाने सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्ट केले. ‘नेट’ या अध्यापनाच्या पात्रता परीक्षेला बसता येते. २०२४पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळखक्रमांक, म्हणजे डीईबी-आयडी, काढावा लागतो. गुंता आहे तो आरोग्याच्या टोकाला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ज्याला मनोसामाजिक कार्यकर्ता म्हणतो, त्याला समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीवर पूर्णवेळ दोन वर्षांचे, देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह एम.फिल. लागते, ते ऑनलाइन होत नाही. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या २०२१च्या कायद्याच्या परिशिष्टात वैद्यकीय आणि मनोसामाजिक कार्यकर्त्यांची नावे आहेत, आणि या कायद्याखाली येणारे मानसशास्त्रासारखे विषय दूरस्थ व ऑनलाइन शिकवणे आयोगाने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून थांबवले. रुग्णालयात काम करायचे मनात असेल, तर समाजकार्यातली आपली विशेष शाखा यात अडकते का, हे आधी पाहावे. डॉक्टरांना वा वकिलांना असते तशी समाजकार्यकर्त्यांची स्वतंत्र वैधानिक परिषद भारतात अजून नाही.

परदेशात : अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१०मध्ये ऑनलाइन एमएसडब्ल्यू मोठ्या प्रमाणावर सुरू केले. शुल्क इतके की पदवीधरांच्या कर्जावर पुढे वृत्तपत्रांतून बरीच टीका झाली. पण तिथल्या कौन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशनचा एक नियम घेण्यासारखा आहे : शिकवणे कोणत्याही पद्धतीने असो, पदव्युत्तर विद्यार्थ्याचे किमान ९०० तास क्षेत्रात गेलेच पाहिजेत. भारतीय पदवी घेऊन तिकडे जाणाऱ्यांसाठी हीच कौन्सिल समकक्षता तपासते. परवाना राज्यागणिक वेगळा.

पुढे काय : कंपनी कायदा, २०१३मुळे सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, नफ्यातला दोन टक्क्यांचा निधी १ एप्रिल २०१४पासून आला आणि एमएसडब्ल्यूची मागणी उपनगरांतल्या कंपन्यांतही वाढली. १९८४मध्ये टाटा इन्स्टिट्यूटने मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष, १९९६मध्ये मुंबईतच सुरू झालेली १०९८ ही बालकांची हेल्पलाइन, अशी कामे समाजकार्य शिकलेल्यांनीच उभी केली, हेही अर्ज भरणाऱ्याने लक्षात ठेवावे. पगार मात्र बहुतेक ठिकाणी प्रकल्पावर आणि करारावर असतो.

प्रवेश घेणाऱ्याने आयोगाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि चालू सत्र या तिन्हींची मान्यता स्वतः तपासावी. शुल्क भरण्याआधी एक प्रश्न लेखी विचारावा : फील्डवर्कची संस्था कोण शोधणार, आणि पर्यवेक्षक महिन्यातून किती वेळा समोर बसणार? उत्तर ‘ते नंतर बघू’ असे आले, तर दुसरे विद्यापीठ बघावे.