३० नॅनोमीटरचा धागा नेमका आहे कुठे?

नेट-सेटची तयारी करताना तुम्ही ते चित्र अनेकदा बघितलं असेल. डावीकडे डीएनएचा दुहेरी गोफ, मग मणी ओवलेला दोरा, मग ३० नॅनोमीटर जाडीचा पीळदार धागा, आणि सगळ्यात शेवटी गुबगुबीत गुणसूत्र. सुमारे २ मीटर डीएनए काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात कसा मावतो, याचं तयार उत्तर. पण यातली प्रत्येक पायरी वेगळ्या प्रयोगातून आलीय, आणि सगळ्या सारख्या भक्कम नाहीत.

मण्यांची पायरी भक्कम आहे. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात ह्युइश आणि बर्गॉइन यांनी उंदराच्या यकृतातली केंद्रकं घेतली आणि त्यांच्यातल्याच एका एन्झाइमला डीएनए कापू दिला. एन्झाइम वाटेल तिथे कापत असतं, तर जेलवर नुसता फराटा दिसला असता. दिसले ते शिडीसारखे पट्टे, एकाच लांबीच्या पटीतले. म्हणजे कापायला जागा ठरावीक अंतरावरच मिळत होती, मधला भाग कशाने तरी झाकलेला होता. (माझ्या मते या विषयातलं सगळ्यात देखणं जेल हेच!) ही लांबी साधारण २०० बेसजोड्यांची. १९७४ मध्ये ऑलिन्स दांपत्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मणी दाखवले. त्याच वर्षी रॉजर कॉर्नबर्गने हिशोब जुळवला: चार प्रकारच्या हिस्टोनांचे दोन-दोन रेणू आणि त्यांच्यासोबत २०० बेसजोड्या. १९९७ मध्ये ल्यूगर, रिचमंड आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी त्या मण्याची रचनाच मांडली. तीन अगदी वेगळ्या वाटा एकाच जागी पोचल्या.

आता पुढची पायरी बघा. १९७६ मध्ये केंब्रिजला फिंच आणि क्लुग यांना दिसलं, की पेशीबाहेर काढलेल्या क्रोमॅटिनला थोडं मॅग्नेशियम दिलं की त्याचा साधारण ३० नॅनोमीटरचा धागा वळतो. प्रयोग चोख होता. पण तो परीक्षानळीतला होता, आणि पाठ्यपुस्तकांनी तो थेट केंद्रकात नेऊन बसवला. धागा कसा वळतो, सोलेनॉइड की झिगझॅग, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला.

२००८ मध्ये एल्ट्सोव्ह आणि सहकाऱ्यांनी मानवी पेशी झटकन गोठवून, रसायनं न लावता, त्यांचे पातळ काप बघितले. विभाजनाच्या वेळच्या गुणसूत्रांतही तो धागा सापडला नाही. २०१७ मध्ये ओऊ, ओशिया आणि सहकाऱ्यांना मानवी केंद्रकात दिसल्या त्या ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या वेड्यावाकड्या साखळ्या. एक पटण्याजोगं स्पष्टीकरण असं: विरळ द्रावणात मण्याला आपल्याच साखळीतले शेजारी भेटतात, म्हणून धागा वळतो. केंद्रकातल्या गर्दीत परक्या साखळ्यांचे मणीही येऊन चिकटतात, मग नीट पीळ बसतच नाही.

तुमच्या संशोधन प्रस्तावात ‘जीन सुरू होताना ३० नॅनोमीटरचा धागा उलगडतो’ असं वाक्य असेल, तर मुलाखतीत पहिला प्रश्न हाच येऊ शकतो: कोणत्या पेशीत?

कारण काही पेशींत तो धागा खरंच दिसतो. उदाहरणार्थ, कोंबडीच्या लाल रक्तपेशी. पक्ष्यांच्या या पेशींत केंद्रक असतं, पण जीन्स जवळपास सगळी बंद. कोसेलने १८८४ मध्ये हिस्टोन पहिल्यांदा वेगळं केलं, तेही पक्ष्याच्याच रक्तपेशींतून.