कुलाबा : किनाऱ्याशी बांधलेला जलदुर्ग

उत्तर कोकणात अलिबागच्या समोर, किनाऱ्यापासून दीड-दोन किलोमीटरांच्या आत, काळ्या पाषाणाच्या एका खडकाळ बेटावर कुलाबा किल्ला उभा आहे. खांदेरी, जंजिरा किंवा सिंधुदुर्ग या किल्ल्यांवर कोणत्याही वेळी होडीशिवाय जाता येत नाही. कुलाब्याला मात्र दिवसातून दोन वेळा समुद्र वेढतो आणि दोन वेळा वाट मोकळी करून देतो. अशा किल्ल्याला अभ्यासक मिश्रदुर्ग म्हणतात, म्हणजे भरतीच्या वेळी जलदुर्ग आणि ओहोटीच्या वेळी भुईकोटासारखा जमिनीवरून गाठता येणारा किल्ला. कुलाब्याचा इतिहास आंग्र्यांच्या आरमारी पराक्रमाचा इतिहास म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेही. तथापि या किल्ल्याचे भवितव्य समुद्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, समोरच्या किनाऱ्यावर ठरत आले, ही गोष्ट त्या वर्णनात बहुधा मागे पडते.

याचे कारण समजण्यासाठी आधी तेथील पाण्याची चाल लक्षात घेतली पाहिजे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास येणाऱ्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या सुमारास पाण्याची चढउतार सर्वांत कमी असते, तिला भांग म्हणतात. उधाणाच्या दिवसांत पाणी जितके वर चढते तितकेच ते खालीही उतरते, त्यामुळे ओहोटीला वाट कोरडी पडते. भांगेच्या दिवसांत मात्र ओहोटीतही मधल्या सखल भागात पाणी राहते आणि त्यातून चालत जावे लागते. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना ठोकताळा असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, येणाऱ्या आकड्याच्या सुमारास त्या दिवशी पूर्ण भरती असते. अष्टमीला हा हिशेब सहावर येतो, म्हणजे ओहोटी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास; पौर्णिमेला तो सव्वाअकरावर येतो, म्हणजे ओहोटी पहाटे व संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. याचा लष्करी अर्थ महत्त्वाचा आहे. भर दुपारी जेव्हा ओहोटी असते तेव्हा वाट पुरती सुकलेली नसते, आणि वाट पुरती सुकते ती पहाटे किंवा दिवस मावळताना, तीही पंधरवड्यातल्या मोजक्याच दिवशी आणि मोजक्याच तासांपुरती. तोफा ओढत आलेल्या सैन्याला एवढ्या वेळात तट फोडून आत शिरायचे किंवा मागे फिरायचे, एवढेच पर्याय उरत. त्यात चूक झाली तर पाठीमागे पाणी भरत असे. निसर्गाने दिलेले हे संरक्षण कोणत्याही खंदकाहून सरस होते.

किल्ल्याची उभारणी ज्या घाईच्या दिवसांत झाली तो काळ छत्रपती शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीचा शेवटचा टप्पा होय. 1679 मध्ये मराठ्यांनी मुंबईच्या दक्षिणेला खांदेरीचे बेट तटबंदीने बांधायला घेतले, तेव्हा इंग्रजांनी त्यास समुद्रावरून विरोध केला आणि पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचे उंदेरी बळकावून तेथे आपल्या तोफा चढवल्या. जंजिरा आणि मुंबई यांच्यामधल्या पट्ट्यात मराठी आरमाराला किनाऱ्याजवळचे, रसद सहज पोहोचेल असे ठाणे हवे होते, आणि ती गरज अलिबागसमोरच्या खडकाने भागवली. मार्च 1680 मध्ये कामास आरंभ झाला आणि पुढल्याच महिन्यात महाराजांचे निधन झाले. काम छत्रपती संभाजी महाराजांनी पुढे चालवून 1681 मध्ये पूर्णत्वास नेले.

तटाची बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे. सुमारे पंचवीस फूट उंचीच्या या तटात, विशेषतः समुद्राच्या बाजूला, मोठमोठे चिरे एकमेकांवर नुसते रचलेले असून त्यांच्या सांध्यांत चुना भरलेला नाही. ही कारागिरीतली उणीव मुळीच नव्हे. चुन्याने सांधलेल्या भिंतीवर लाट आदळली की तिचा सगळा धक्का त्या भिंतीला सोसावा लागतो. मोकळ्या सांध्यांतून मात्र पाणी आत शिरते, त्याचा जोर फाटतो आणि ते तसेच बाहेर ओसरते. चिरे इतके वजनदार आहेत की लाटेने ते जागचे हलत नाहीत. साडेतीनशेच्या जवळपास पावसाळे सोसूनही तटाचा मोठा भाग आज उभा आहे, यावरून त्या गवंड्यांचा समुद्राचा अभ्यास किती पक्का होता हे दिसते. तटात सतरा बुरूज असून महादरवाजा अलिबागच्या बाजूला तोंड करून आहे. किल्ल्याच्या उत्तरेला सर्जेकोट नावाचा लहानसा कोट दगडी बांधाने मुख्य किल्ल्याला जोडलेला आहे. तो खडक शत्रूच्या हाती गेला असता तर तेथून थेट तटावर तोफा डागता आल्या असत्या, म्हणून तोही तटबंदीत घेतला गेला असावा.

कुलाब्याला खरे महत्त्व आले ते कान्होजी आंग्रे यांच्या काळात. सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी आरमाराची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि कुलाबा हे त्यांचे मुख्य ठाणे बनले. बाळाजी विश्वनाथ यांनी पेशवाईची वस्त्रे मिळाल्यानंतर लगेच त्यांच्याशी बोलणी करून त्यांना छत्रपती शाहू महाराजांच्या पक्षात आणले, आणि त्या करारान्वये त्यांच्याकडे किनाऱ्यावरचे किल्ले व सरखेल, म्हणजे आरमाराचा प्रमुख, हे पद कायम झाले. त्यांच्या आरमारात मुख्यतः दोन जातींची जहाजे होती. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, जड तोफा वाहणारे जहाज, तर गलबत हे त्याहून लहान, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारे आणि म्हणून वारा पडला असता अधिक उपयोगी. वारा पडून शत्रूचे अवजड जहाज थबकले की गलबते वल्हवत त्याच्या पिछाडीला जात आणि गुराबांना दोरांनी ओढून माऱ्याच्या जागी आणत. या जहाजांच्या बळावर कान्होजींनी आपल्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी दस्तक, म्हणजे कर भरून घेतलेला परवाना, बाळगलाच पाहिजे असा नियम लागू केला. पोर्तुगीज तर आधीपासून असे परवाने इतरांवर लादतच होते, आणि तरीही हेच कान्होजींनी केले तेव्हा मात्र युरोपीय कागदपत्रांनी त्यांना चाचा ठरवले. हा शिक्का इतिहासग्रंथांतून दीर्घकाळ पुसला गेला नाही, हे खेदजनक आहे.

दस्तकाच्या या वादातूनच डिसेंबर 1721 मधली मोहीम उद्भवली. मुंबईकर इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज यांनी मिळून सुमारे सहा हजारांचे सैन्य कुलाब्यावर आणले. इंग्लंडहून आलेल्या आरमारी ताफ्याचा प्रमुख कमोडोर टॉमस मॅथ्यूज हाही त्यात होता. समुद्रावर एवढे बळ असूनही त्यांनी हल्ल्यासाठी किनाऱ्याचाच मार्ग धरला, हे विशेष. पोर्तुगीजांच्या ताब्यातले चौल जवळ होते, तेथे फौज जमवून ती अलिबागकडे नेण्यात आली. परंतु याच किनाऱ्यावर शाहू महाराजांच्या आज्ञेने बाजीराव पेशवे घोडदळ घेऊन आले होते. इंग्रजांचा हल्ला फसला, मराठी स्वारांनी पोर्तुगीजांच्या फळीत गोंधळ उडवला, आणि खुद्द मॅथ्यूजला एका स्वाराच्या भाल्याने जखम झाली. जानेवारी 1722 मध्ये पोर्तुगीजांनी बाजीरावांशी स्वतंत्र तह केला आणि इंग्रजांना एकटेच परतावे लागले. एका जलदुर्गाचे संरक्षण घोडदळाने केल्याचे हे उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात फार बोलके आहे. घाटावरची फौज आणि किनाऱ्यावरचे आरमार एका निर्णयाने हलले, तेव्हा दोन युरोपीय सत्तांची युती अवघ्या काही आठवड्यांत मोडली.

त्या एकदिलाला पुढे तडा गेला. कान्होजी 1729 मध्ये वारले आणि थोरले पुत्र सेखोजी 1733 मध्ये निवर्तल्यावर संभाजी व मानाजी या भावांत वारसाचा तंटा पेटला. 1735 मध्ये बाजीरावांनी मध्यस्थी करून घराण्याची वाटणी केली. कुलाबा मानाजींकडे आणि विजयदुर्ग सरखेलपदासह संभाजींकडे गेले. एका आरमाराचे दोन भाग करणारा हा निवाडा पेशव्यांच्या सोयीचा असला तरी किनाऱ्याच्या दृष्टीने घातक ठरला, असेच म्हणावे लागते. 1740 मध्ये संभाजींनी कुलाब्याला वेढा घातला. त्यांनी तटावर धडका मारत बसण्याऐवजी आधी अलिबाग व आसपासची किनाऱ्यावरची ठाणी घेतली आणि किल्ल्यातील शिबंदीचा, म्हणजे तेथील कायमच्या फौजेचा, गोड्या पाण्याचा पुरवठा तोडला. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आणि एक पुष्करणी आहे; तरीही मोठ्या शिबंदीला ते पाणी पुरत नसावे, असे यावरून दिसते. अन्नधान्य, लाकूडफाटा, माणसे, सारे किनाऱ्यावरूनच येत असल्यामुळे अलिबाग ज्याच्या हाती त्याच्या हाती कुलाब्याचा गळा, हे घरातल्या माणसाला परक्यांपेक्षा अधिक ठाऊक होते. मानाजींनी पेशव्यांकडे व इंग्रजांकडे मदत मागितली. पेशव्यांचे पुत्र नानासाहेब कुलाब्याकडे आले, इंग्रजांची जहाजेही आली आणि संभाजींना माघार घ्यावी लागली. याच मोहिमेवर असताना नानासाहेबांना बाजीरावांच्या मृत्यूची वार्ता समजली. ज्या इंग्रजांनी एकोणीस वर्षांपूर्वी हा किल्ला घेण्याचा प्रयत्न केला होता, त्यांनाच तो वाचवण्यासाठी बोलवावे लागले, इतका त्या घरफुटीचा परिणाम खोल होता.

मानाजींचे पुत्र रघोजी यांच्या दीर्घ कारकिर्दीत किल्ल्याला काहीशी स्वस्थता लाभली. आज किल्ल्यात जे सिद्धिविनायकाचे मंदिर आहे ते 1759 मध्ये त्यांनीच बांधले. ते गणेशपंचायतन आहे, म्हणजे मध्ये गणपती आणि त्याच्यासोबत शिव, विष्णू, सूर्य व देवी अशी रचना. जवळच हाजी कमालुद्दीन शहा यांचा दर्गा आहे. आतल्या लाकडी वाड्यांना मात्र आगीने वारंवार ग्रासले, आणि 1787 च्या आगीत आंग्र्यांचा वाडाही जळाला. कान्होजींनी किनाऱ्यावर बांधलेला हिराकोट आणि त्याभोवती वाढलेले अलिबाग शहर यांच्याकडे वस्ती आणि कारभार सरकत गेला. 1793 नंतर वारसाचे तंटे पुन्हा उद्भवले, शिंद्यांच्या पाठबळावर बाबूराव आंग्रे यांनी सत्ता घेतली, आणि पेशवाईच्या अखेरीनंतर कुलाबा संस्थान इंग्रजांचे मांडलिक झाले. दुसऱ्या रघोजींच्या मृत्यूनंतर त्यांचा तान्हा मुलगाही लवकरच वारला. विधवा राणीने दत्तक घेण्याची परवानगी मागितली, ती कंपनी सरकारने नाकारली आणि 1840 च्या सुमारास संस्थान खालसा केले. दत्तकाची परवानगी नाकारून संस्थान गिळण्याचे धोरण डलहौसीच्या नावाशी जोडले जाते, पण कुलाब्याचा बळी तो येण्यापूर्वीच पडला होता.

किल्ल्याच्या उत्तर बाजूस गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा पाहणाऱ्यांना आंग्र्यांच्याच वाटतात. त्यांच्यावर यॉर्कशायरमधील लो मूर या लोखंडी कारखान्याची मुद्रा आहे, आणि तो कारखाना 1791 मध्ये सुरू झाला. तेव्हा कान्होजींना जाऊन साठ वर्षे उलटली होती, म्हणून त्यांच्या लढायांशी या तोफांचा संबंध जोडता येत नाही. आंग्र्यांच्या वेळच्या इमारतींचे काय झाले याचा उलगडा कंपनी सरकारच्या व्यवहारांतून होतो. 1842 मध्ये सरकारने किल्ल्यातील लाकडी बांधकामाचा लिलाव केला आणि पाडलेल्या इमारतींचे दगड अलिबाग शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामासाठी किनाऱ्यावर नेले. पुढे 1869 मध्ये ठाण्यापासून वेगळा काढलेला जिल्हा कुलाबा या नावानेच ओळखला गेला आणि त्याचे मुख्यालय अलिबागला राहिले. 1981 मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले.