गिरणीचे चाक आणि बालकाचा हात

मुलांना इजा होऊ नये म्हणून काय करावे, असा प्रश्न निघाला की उपदेशाची गाडी बहुधा आईबापांच्या दारी येऊन थांबते. ‘मुलांवर लक्ष ठेवा’ एवढे सांगितले म्हणजे समाजाचे कर्तव्य संपले असे मानले जाते. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला. गिरण्या वाढल्या, तशी कोवळी पोरेही यंत्रांपाशी उभी राहू लागली. पट्टे आणि चाके उघडी. कामाचा दिवस पहाटेपासून दिवेलागणीपर्यंतचा. पेंगुळलेल्या मुलाला सावधपणाचा उपदेश करून काय साधणार? सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ साली कायद्याचा मसुदा सिद्ध केला. त्याला झालेला विरोध केवळ गिरणीमालकांचा नव्हता. या निमित्ताने मँचेस्टरला मुंबईचा धंदा बुडवायचा आहे, अशी शंका देशहिताची कळकळ असलेल्या अनेकांना वाटे. ती निराधार नव्हती. परंतु मँचेस्टरचा हेतू अशुद्ध होता म्हणून मुंबईचे उघडे चाक निरुपद्रवी ठरत नव्हते.

१८८१ च्या कायद्याने ७ वर्षांखालील मुलांना कारखान्यात मज्जाव केला, ७ ते १२ वयाच्या मुलांसाठी दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली आणि धोक्याच्या यंत्रांभोवती कुंपण सक्तीचे केले. परंतु १०० पेक्षा कमी कामगार असलेले कारखाने मोकळेच राहिले. १८८४ साली ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठविला. साप्ताहिक सुट्टीबरोबरच, काम करताना जायबंदी झालेल्याच्या निर्वाहाची मागणीही त्यात होती. पुढे किमान वय १८९१ साली ९, १९२२ साली १२ आणि स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत १४ झाले.

या वाटचालीत एक सूत्र दिसते. मुलाला धोक्यापासून दूर करणे, धोक्याला झाकणे आणि या दोहोंवर देखरेख ठेवणे, हेच खरे उपाय. बालकाच्या सावधपणावर भिस्त ठेवणे हा उपाय नव्हे.

आज जयपूरच्या झोटवाड्यासारख्या औद्योगिक वस्तीतील कारखान्यालाही राज्यघटनेचे हेच बंधन आहे. मात्र २०१६ च्या दुरुस्तीने शाळेबाहेरच्या वेळात, धोकादायक नसलेल्या घरच्या धंद्यात मुलाने हातभार लावण्यास मुभा ठेवली. त्याच जयपुरात लाखेच्या बांगड्या निखाऱ्यांच्या धगीवर वळल्या जातात, आणि त्या कामातून मुलांची सुटका करण्याचे प्रसंग वारंवार आले आहेत. बंद दारामागे घरचे मूल कोणते आणि कामाला आणलेले कोणते, हे निरीक्षकाने कसे ओळखावे? १८८१ साली कायदा लहान कारखान्याच्या उंबरठ्यावर अडला. आज तो घराच्या उंबरठ्यावर अडतो. निखारा मात्र उंबरठा पाहून भाजत नाही.